पिवळी आणि पांढरी

गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात तिला सगळे पिनवाली म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. राग यायचा तो चुका करणाऱ्यांचा. कुणी कनेक्टरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या डबीच्या, भलत्याच भोकात वायर घातली की तो कनेक्टर थेट तिच्या टेबलावर यायचा. मग तिचे हात सुरू आणि तोंडाचा पट्टाही सुरू! छत्रीची काडी घासून तिने स्वतःच एक बारीक सळई केली होती. वायर आधी जराशी आत ढकलायची, समोरून सळई सरकवून वायरीच्या टोकाला चेपलेल्या पिनेची इवलीशी जीभ दाबायची आणि मागून हलकेच ओढायची. हिसका दिला की जीभ मोडलीच म्हणून समजा. "अगं, दात उपटतेयस का?" असं ती घाई करणाऱ्या बायकांवर खेकसायची.

काय दिवस होते ते! यंत्रांच्या खडखडाटात एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही, तरी गप्पा काही थांबायच्या नाहीत.

खिडकीजवळच्या बाकावर एक लंबू बसायचा. मान खाली घालून काम करायचा आणि रोज न चुकता एक कनेक्टर चुकवायचा. चूकही तीच. पिवळी वायर पांढरीच्या जागी, पांढरी पिवळीच्या. कनेक्टर घेऊन तो स्वतः यायचा आणि ती पिना सोडवेपर्यंत शेजारी खांबासारखा उभा राहायचा.

"डोळे तपासून घ्या," ती म्हणायची.

"घेतो," तो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एकदा सुपरवायझर तणतणत तिच्या टेबलाशी आला. "या लंबूला कामावरून काढतो आता. नुसता डोक्याला ताप!"

तेव्हा कुठे तिने त्याचा कनेक्टर नीट पाहिला. पिना इतक्या सुबक चेपलेल्या, की अख्ख्या कारखान्यात तसं काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. असा हात असलेला माणूस रोज तीच चूक करतो होय? तिची कानशिलं तापली.

"त्यांची चूक नाही, साहेब," ती बेधडक खोटं बोलली, "वायरींचे रंगच मळकट आलेत."

मग लंबूच्या बाकाशी जाऊन म्हणाली, "उद्यापासून नीट काम करा. बोलायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत बोला."

बिचारा इतका गांगरला की पुढचे कित्येक दिवस त्याला डबाच जाईना. बोलला मात्र शेवटी. दोघांचं लग्न झालं, मुलगी झाली, कारखाना बंद पडला, केस पिकले.

आणि या वर्षी त्याची उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या, हात सुधारेल. रबरी चेंडू आणला, तो त्याने पलंगाखाली टाकून दिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. "आई, बाबांनी मनच सोडलंय गं," मुलगी म्हणाली. आजाराला पिनवाली भीत नव्हती. आपला माणूस आत शिल्लक आहे की नाही, हेच तिला कळेना.

एका सकाळी तिने कपाटातला पत्र्याचा डबा काढला. त्यात कारखान्यातून आठवण म्हणून आणलेला एक रिकामा कनेक्टर, पिना चेपलेले वायरींचे तुकडे आणि तिची सळई होती. त्याला उशीला टेकवून बसवलं आणि कनेक्टर, वायरी मांडीवर ठेवल्या.

"हे भरा. मला भाजी चिरायचीय," ती म्हणाली आणि निघून गेली.

बराच वेळ काहीच नाही. भाजी चिरून झाली, फोडणी पडली. मग आतून आवाज आला, टक्. पीन बसल्याचा! तिने गॅस बंद केला आणि जागची हलली नाही. खूप वेळाने पुन्हा टक्.

आवाज थांबल्यावर ती आत गेली. तो घामाघूम झाला होता. तिने चष्मा लावला. लाल बरोबर, निळी बरोबर, हिरवी बरोबर. पिवळी पांढरीच्या जागी, पांढरी पिवळीच्या.

तिने झटकन वर पाहिलं. त्याच्या ओठाची चांगली बाजू वर गेली होती.

"अहो," कनेक्टर त्याच्यापुढे धरत ती म्हणाली, "डोळे तपासून घ्या."

त्याचे ओठ कितीतरी वेळ धडपडले.

"घे... तो."

ती रडली, हसली, पदराने नाक पुसलं. मग सळई घेऊन त्याच्या शेजारीच बसली आणि पिवळी वायर आधी जराशी आत ढकलली.