एका घरातून वीसच रुपये

घरमालकाने पैसे जास्त दिले म्हणून वर्गणी मागायला आलेल्या माणसानेच त्याच्याशी भांडण काढलं, असा प्रसंग साऱ्या बीड जिल्ह्यात एकाच माणसाच्या बाबतीत घडत असेल, आणि तो माणूस माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. तसं सगळं युसूफ वडगावच त्यांना काका म्हणतं. काकांनी हयातभर एसटीत कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, राजकारणात पडतात, नाहीतर नुसती पारावर बसून आल्यागेल्याची मापं काढतात. काकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी दुसऱ्यांची अडलेली कामं अंगावर घेतली. एखाद्या वाजवणाऱ्याचं वाद्य फुटलं, एखाद्या बाईच्या धंद्याला छप्पर हवं असलं, की काका कंडक्टरची जुनी चामडी पिशवी गळ्यात अडकवून घरोघर निघणार. याला शहरात आता क्राउडफंडिंग म्हणतात, हे मी त्यांना एकदा मोठ्या थाटात सांगितलं. ते म्हणाले, "मग आमी एसटीत दुसरं काय केलं रे? समद्यांकून थोडं थोडं घेतलं आन समद्यांला गावाला पोचवलं."

तर या माणसाचा एक नियम होता: एका खेपेला एका घरातून वीसच रुपये. एकोणीस नाही, एकवीस नाही. गोरगरीब असो की बागाईतदार, भाडं सगळ्यांना सारखं. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याने माणसाच्या हाती पाच हजार रुपये पाठवले आणि सोबत एक मागणीही पाठवली, की कार्यक्रमाच्या फलकावर आमचा फोटो जरा मोठा घ्या. काका त्याच पावली पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले, बैठकीत दहा माणसं बसलेली असताना त्यांनी पिशवीतून नोटा काढल्या आणि म्हणाले, "सायेब, हे तुमचे उरलेले चार हजार नवशे ऐंशी. मोजून घ्या, मागून तक्रार चालणार न्हाई." वर फोटोचं विचारलं तेव्हा सांगितलं, "वीस रुपयांत फोटो बसत न्हाई." कारण विचारलं की ते ऐटीत सांगत, "एकानं दिलं की काम त्याचं व्हतंय. वीस-वीसनं झालं की गावाचं व्हतंय." मला ते फार पटायचं. मी ऑफिसात चारचौघांना हे वाक्य माझंच असल्यासारखं ऐकवलेलं आहे.

दुसरा नियम त्याहून छळवादी होता. पैसे आल्याबरोबर द्यायचे नाहीत, काका जायला उठले की द्यायचे. दारातच नोट पुढे केली तर ती त्यांना दिसायचीच नाही. "जाताना दे," म्हणून ते सरळ आत येऊन बसत, चहा घेत, ज्याच्यासाठी वर्गणी तो कलावंत कसा, त्याचा बाप कसा, त्याच्या आज्याने कुठल्या जत्रेत काय गाजवलं हे सगळं साग्रसंगीत सांगत, मधेच दार करकरतंय, तेल घाला, अशी सूचना करत. शाळेतले एक गुरुजी घरच्या लग्नाला निघाले होते. बायको नऊवारी नेसून, पोरं बूट घालून दारात उभी. गुरुजींनी घाईने वीस रुपये पुढे केले. काका म्हणाले, "जाताना." गुरुजी म्हणाले, "काका, जायला आमीच निघालोय." काका म्हणाले, "मग तर बसलंच पायजे, लई दिवसांनी घावलात." तिकडे मांडवात अक्षता पडल्या तेव्हा गुरुजी इकडे काकांना दुसरा कप गाळून देत होते.

पैसे दिले की तिकीट मिळायचं. काका जुन्या लग्नपत्रिका कापून तिकिटं करत आणि एसटीतून जपून आणलेल्या चिमट्याने त्यांना भोक पाडत. त्यामुळे माझ्याकडच्या एका तिकिटावर ‘चि. सौ. कां.’ एवढंच आहे आणि दुसऱ्यावर ‘आमच्या मामाच्या लग्नाला’. तिकीट हरवू द्यायचं नाही, कारण काम झाल्यावर ते दाखवून वसुली करायची असे. चकलांब्याच्या एका गोंधळ्याच्या संबळाला नवं कातडं घातलं तेव्हा काका त्याला घेऊन प्रत्येक तिकीटवाल्याच्या अंगणात गेले आणि प्रत्येकाला वीस रुपयांचं ऐकवलं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर धपाटे विकणाऱ्या बाईला पत्र्याचं छप्पर करून दिलं, तेव्हा तर गावातली माणसं बस भरून धपाटे खायला नेली. जाण्यायेण्याचं भाडं धपाट्यांच्या पाचपट झालं, पण काकांचा हिशेब वेगळा होता. परतीच्या बसमध्ये ते सगळ्यांत मागे उभे राहून, जागा असूनही न बसता, आपली माणसं डोळ्यांनी मोजत होते. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

आणि या सगळ्याची मी एका रविवारी माती केली. माती केली हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही, उलट मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

झालं असं, की गावात एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायचा. अक्षर असं, की ‘पिठाची गिरणी’ वाचताना पीठ चाळल्यासारखं वाटायचं. पण फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळून गेले. पुण्यात कुठल्याशा सोसायटीत वॉचमन म्हणून जायचं त्याने ठरवलं. काकांनी त्याला अडवलं. गावातल्या चाळीस टपऱ्या-दुकानांना नव्या पाट्या करायच्या, मजुरी आणि पत्रे-रंग गावाने द्यायचे, असा बेत काढला आणि पिशवी गळ्यात अडकवली. दोन महिन्यांत त्यांनी एकाच पाटीपुरते पैसे आणले. पेंटर मला म्हणाला, "काकांच्या चालीनं चाळीस पाट्या व्हायला लई वर्षं लागतील. तवर माझ्या मिशा मीच रंगवाया लागंल."

मी बीडला नोकरी करतो, मोबाइल बरा चालवतो. मी पेंटरच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, चार हृदयाला भिडतील अशा ओळी लिहिल्या, इंटरनेटवर मदतीचं पान तयार केलं आणि काकांचे नियम वगैरे गुंडाळून ठेवून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. चार दिवसांत पैसे पूर्ण झाले! पुण्याहून आले, मुंबईहून आले, दुबईहून आले. मी देणाऱ्यांच्या नावांची यादी छापून घेतली आणि पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा युसूफ वडगावला धावलो.

काकांनी चष्मा लावून यादी वाचली. पहिल्याच नावावर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"माहीत नाही, काका."

"कोणाची हाय? घर कुठं?"

"अमेरिकेत असेल बहुतेक."

"तिला पेंटर म्हाईत हाय?"

"नाही. फोटो बघून दिले."

काकांनी यादीची नीट घडी घातली. "लई झ्याक काम केलंस," म्हणाले.  मग उठून पिशवी गळ्यात अडकवली. "बाहेरचं ऱ्हाऊ दे. गावातल्यांनी दिलेत त्यांची तिकिटं तरी देऊन येऊ."

मी त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्या घरी दार अर्धंच उघडलं. "काका, टाकले की फोनवर! हे बघा," म्हणून सुनेने मोबाइल दाखवला. काकांनी तिकीट दिलं, तिने घेतलं, हसली. कोणी वाईट वागलं नाही, पण ‘बसा’ म्हणायला आता काही कारणच उरलं नव्हतं. दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी तिथूनच अंगठा वर करून दाखवला, "पोचले ना?" काका म्हणाले, "पोचले." नवव्या-दहाव्या घरानंतर त्यांनी चिमटा पिशवीत टाकला. इतक्या घरांत एक कप चहा झाला नव्हता. पाराजवळ ते थांबले आणि आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आज कुणी बसा म्हणलं न्हाई बग."

काका घरी गेल्यावर मी पेंटरकडे गेलो. तो पहिली पाटी घासत बसला होता. मी म्हटलं, काकांचं काहीतरी बिनसलंय, तो वीस रुपयांचा नियम मोडला म्हणून असेल. पेंटरने मान वर न करता सांगितलं, "मावशी व्हती तवा कुठं व्हता तो नियम? तवा शंभर द्या, दोनशे द्या, घ्यायचे. चार घरं केली की काम झालं. मावशी जेवायला हाक मारायची, मग घाई असायची त्यांला."

मावशी जाऊन सहा वर्षं झाली. मावसभाऊ नाशिकला असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो. गावाचं काम गावाचं व्हावं म्हणून वीस रुपये, हे मी सहा वर्षं चारचौघांना ऐकवत होतो आणि ते खोटंही नव्हतं. पण एका माणसाने पाचशे दिले, की त्या घरी पुन्हा जायला निमित्त उरत नाही, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. मी पेंटरला गावात ठेवलं आणि काकांना घरात बसवलं.

पाट्या झाल्या. गाव सुंदर दिसू लागलं. न्हाव्याच्या पाटीवर पेंटरने आरसा असा काढलाय, की माणसं भांग पाडतात. पेंटरला केजहूनही कामं येऊ लागली. काका सगळ्यांना कौतुकाने सांगत, "पोरानं केलं, फोनवर केलं, चार दिवसांत." पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी मुद्दाम विसाची नोट पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "काम झालं. आता घेणं हराम हाय."

दिवाळीनंतर एके सकाळी त्यांचा फोन आला. आवाज एकदम बारीक, चोरीचा माल सांगितल्यासारखा. शेजारच्या गावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याला नवे भाते आणि सुरांच्या पट्ट्या आणायच्यात. "तुझ्या त्या फोनला सांगू नको," काका म्हणाले. मी शपथ घेतली. महिन्याभराने ते एसटीने बीडला आमच्याकडे आले, जेवले, माझ्या बायकोला पेटीवाल्याच्या बापाची गोष्ट सांगितली. निघताना तिने पाचशेची नोट आणली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि वीस रुपये दिले. काकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि तिकिटाला भोक पाडलं. त्यानंतर ते दर महिन्याला येत गेले. पेट्या दुरुस्त व्हायला या चालीने किती वर्षं लागतील याचा मी हिशेब केला नाही. एखादं चांगलं काम लवकर पुरं होऊ नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

मागचे दोन महिने ते आले नाहीत. गुडघे धरलेत, असं फोनवर कळलं. म्हणून या रविवारी मीच गेलो. काका बाजेवर बसले होते, पिशवी उशाशी होती.

"तू कावून आलास? मी येणारच व्हतो की," ते रागावून म्हणाले.

"वर्गणी राहिली होती," म्हणून मी खिशातून नोट काढली. ती त्यांना दिसली नाही. भिंतीला धरून ते उठले, स्टोव्ह पेटवला, दोन माणसांच्या चहाला चार माणसांची साखर टाकली. आपल्याच घरात काका मला चहा करून देत होते आणि पेटीवाल्याची, मी तीनदा ऐकलेली गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. तीनची गाडी गेली. पाचची गेली. मधे एकदा मी नोट पुन्हा पुढे केली.

"जाताना दे," काका म्हणाले.

मी बसलो. साडेसहाची गाडी पाराजवळ येऊन हॉर्न वाजवत राहिली, मग तीही गेली. विसाची नोट माझ्या खिशातच होती.