मेहकरच्या बाईचं लेकरू

माझी थोरली जन्मली तेव्हा तिचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता. सुईणीनं तो मला दाखवला आणि तिला कापडात गुंडाळलं. सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात काहीतरी चिरलं असशील. मी काही चिरलं नव्हतं, पण तीन महिने मी तेच आठवत बसले. आमच्या मुडबी गावातल्या बायका बघायला आल्या की दुपटं पायावर ओढून घ्यायची. पोरीला पाजत होते, न्हाऊ घालत होते, पण तिच्या तोंडाकडे धड बघितलंच नव्हतं.

बिदरच्या सरकारी दवाखान्यात असले पाय सरळ करतात, असं ह्यांना शाळेच्या मास्तरांनी सांगितलं. आम्ही बिदरला लागून असलेल्या नौबादला ह्यांच्या आत्याकडे जाऊन राहिलो. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई पाय दाबून थोडा थोडा वळवायच्या आणि वर प्लास्टर बांधायच्या. पोर रडून लालबुंद व्हायची. मीही रडायची, पण तिच्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त.

तिथल्या व्हरांड्यात भालकीकडच्या मेहकरचं एक लिंगायत जोडपं होतं. त्यांचा मुलगा सहा महिन्यांचा. डोक्यात पाणी झालेलं. अंग मूठभर आणि डोकं एवढं मोठं, की गळ्यातल्या लिंगाचा दोरा वरून घालता येईना, मागे गाठ मारून बांधावा लागला होता. डोळे सारखे खाली वळलेले. त्याला ओढून पिता येत नव्हतं, म्हणून ती बाई कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध सोडायची. एक वाटी संपायला अर्धी सकाळ जायची. आधीची दोन लेकरंही वर्षाच्या आतच गेली होती, हे तिनं मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना उर्दूत स्पष्ट सांगितलं होतं की ह्यावर इलाज नाही. हैदराबादेला नेऊ का, असं बापानं विचारलं, तर तिथंही नाही म्हणाल्या. तरी ते दोघं घरी गेले नव्हते. घरी जाऊन करायचं काय, असं ती म्हणायची.

एकदा माझ्या पोरीचं जुनं प्लास्टर काढलं होतं, नवं बांधायला वेळ होता. मी सवयीनं पाय झाकला.

"अक्का, कामून झाकायलाव?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, मुलीची जात, त्यात पायानं अधू, कोण हिला पदरात घेणार. तिनं हात पुढे करून दुपटं बाजूला सारलं आणि पोरीचा तो वाकडा पाय मुठीत धरला. पोरीनं तिला जोरात लाथ मारली. ती हसली. पुन्हा धरला, पोरीनं पुन्हा झाडला.

"लई जोर हाय हिच्यात," ती म्हणाली. "माझ्याला मानबी उचलत न्हाई."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला उलटून काही म्हणता आलं असतं. त्या दिवशी घरी जाताना मी पोरीचा पाय झाकला नाही.

तिचा नवरा नेहमी लेकराजवळ बसून कानडीत काहीतरी हळूहळू सांगत राहायचा. मला वाटलं, त्यांच्यातली देवाची वचनं म्हणतोय. ती म्हणाली, शेताचं सांगतात. कुठल्या तुकड्यात तूर आहे, विहिरीला पाणी किती, कोणती गाय गाभण आहे. हे एवढ्याशा लेकराला कशाला, असं मी बोलून गेले. त्या माणसाला ऐकू गेलं. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "त्यो बघणार तर न्हाई. सांगून तरी ठेवावं."

पाचव्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा बाहेर त्यांची बैलगाडी जुंपून तयार होती. लेकरू पहाटे गेलं होतं. बापानं ते धोतरात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मेहकरला स्वतःच्या रानात पुरायचं म्हणत होता. तिच्या छातीशी लुगडं ओलं झालेलं होतं. लेकराला ओढता येत नव्हतं, तरी तिचं दूध आटलं नव्हतं. ती म्हणाली, "येते अक्का," आणि गाडीत चढली.

माझ्या पोरीचा पाय पुष्कळसा सरळ झाला. ती लंगडते, पण चालते. शेतात जाते. तिचं लग्नही झालं. मी देवाचे उपकार मानले, पण ते मानताना प्रत्येक वेळी जीव आत ओढला जायचा. दुसऱ्याच्या लेकराचं डोकं बघून मला माझ्या लेकराचा पाय गोड लागला होता. असलं समाधान मी कुणाकडे मागितलं नव्हतं, आणि परत करण्यासारखंही ते नव्हतं.

पुढे भालकीच्या बाजारात मेहकरचा एक माणूस भेटला, त्याला मी त्या घराची चौकशी केली. त्या मुलानंतर त्यांना एक मुलगी झाली होती. तीही राहिली नाही, असं तो म्हणाला.