त्याले वाटन, मी रुसली

तानुबाईले मी आधी भलतीच बाई समजली होती. हसा तुमी, मीबी हसतेच.

आमी नांदगाव पेठेत नवीन राहाले आलतो. तिची सैपाकखोली आन् माही सैपाकखोली, मधात एकच भिंत. तिचा नवरा शालिकराम पहाटेच भाजीच्या हर्रासीले अमरावतीले निघून जाये, आन् मंग भिंतीपल्याडून हिचा आवाज ये, सायीसारखा मऊ. "कालचं चांदणं लय साजरं पाठवलं बरं तुनं. मी अंगणातच बसून राहिली. आज पोहे जरा कोरडे झाले, चालवून घेजो."

मी म्हटलं, घ्या. नवरा गेला नाई, तर पोहे खाणारा हजर.

रोज कान लावला, पण त्या बाप्याचा आवाज काई येईना. शेवटी साखर मागाच्या निमित्तानं गेली, तर ही एकटीच, आन् समोर कोनाड्यात देव.

"कोणासंग बोलून राहिली वं?"

"याच्यासंग. तुले काय वाटलं?"

मले काय वाटलं, थे मी अजून तिले सांगितलं नाई.

हिची पूजा म्हणजे हे असं. आरती नाई, स्तोत्र नाई. एकदा वावटळीत तिच्या घरावरचे पत्रे उडाले, तर उघड्या आभाळाखाली बसून म्हणे, "वारा जोरदार सोडला बापा. पण भिंती ठेवल्या तुनं, तुह्यं कौतुकच हाय." मी तिच्यासंग रडाले आली होती, तशीच परत गेली.

ती कपड्याच्या कारखान्यात मागावर जाये. संध्याकाळी येई तवा केसांत, पापण्यांवर पांढरी रुई. जशी ढगातून चालत आली.

मंग तिच्या गळ्यात गाठ निघाली. अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन लागन, टाके सुकेपर्यंत एक शब्द बोलाचा नाई, पुढं आवाज येईन का नाई, थे मंग पाहू. जाच्या आदल्या दिवशी तिनं माहा हात धरला.

"आवाजाचं काई नाई वं. पण मी रोज बोलणारी. एकाएकी गप्प झाली, तर त्याले वाटन, मी रुसली."

"मी सांगीन ना तुह्याकडून," म्हटलं.

ती घरी आली आन् मी कोनाड्यापुढं उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. "हे दयाघन परमेश्वरा, आपले अनंत उपकार..." तानुबाईनं कपाळावर हात मारला आन् मले पदर धरून बाहेर काढलं.

मंग सगळं शांत. भिंतीपल्याड नुसतं धुकं भरून ठेवल्यासारखं. माह्या पहाटेले चवच राहिली नाई.

एक दिवस तिच्या अंगणात डोकावली. खरंच धुकं होतं. पेरूचं झाड अर्धंच दिसे, आन् त्याच्याखाली तानुबाई. ओठ हलून राहिले, हात हलून राहिले, मधातच हसे. आवाज मात्र काईच नाई. मले वाटलं, मी अजून झोपेतच हाओ.

तितक्यात दीपमाला आली. ही तिच्या बाजूच्या मागावरची पोरगी. तीबी खाली बसली आन् दोघी तशाच, बिनआवाजाच्या, गप्पा मारत सुटल्या.

"हे काय वं पोरी?"

"मावशी, मागाच्या खडखडाटात वरडलं तरी ऐकू येत नाई. आमी सगळ्या ओठांवरच बोलतो."

आता मी काई गप्प बसणारी बाई नाई. "डॉक्टरनं बोलू नको म्हटलं ना हिले?"

तानुबाईचे ओठ हलले. दीपमाला म्हणे, "म्हणते, तुमाले ऐकू आलं का?"

"नाई."

"मंग म्हणते, मी बोलली कुठं?"

"वा. मंग त्यालेबी ऐकू नाई गेलं. सकाळपासूनचं सारं फुकट." मी खूश.

तानुबाई माह्याकडं पाहून गालात हसली आन् सावकाश ओठ हलवले.

"म्हणते, इतकी वर्सं मागाजवळ उभी राहून त्याच्यासंग असंच बोलली. तवा तर त्यानं कधी म्हटलं नाई, जोरानं बोल."

मी तिच्या अंगणातल्या चुलीवर चहा मांडला. हरलेल्या बाईनं दुसरं काय करावं. मांगं पाहते तर पुन्हा ओठ सुरू.

"आता काय म्हणते मले?"

"तुमाले नाई मावशी," दीपमाला म्हणे. "त्याले सांगून राहिली. हिचा चहा लय गोड असते, चालवून घेजो."