अप्पांनी मागे घेतलेलं परीक्षण

लातूरहून अक्कांचा फोन आला तेव्हा मी लोह्याच्या बसस्थानकात नांदेडच्या गाडीची वाट पाहत उभी होते. अक्का म्हणजे आमच्या शिवलिंगअप्पांच्या पत्नी. "अप्पा गेले गं. सकाळी पूजेला बसले ते उठलेच न्हाईत," एवढंच त्या बोलल्या. नांदेडची गाडी आली, भरली, निघून गेली... मी तिथंच उभी. त्याला आता सहा आठवडे होतील.

अप्पा माझ्या वडिलांचे वर्गमित्र. लातुरात तूर-हरभऱ्याची पिढीजात आडत. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि छंद पाश्चात्त्य पियानोचा! कॉलेजसाठी ते हैदराबादला एका घरात भाड्यानं राहत होते. वरच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक बाई होत्या. खोलीचं छत म्हणजेच अप्पांची पहिली मैफल. हैदराबाद सोडताना बाईंनी त्यांना तीन रेकॉर्डी दिल्या, आणि त्या तीन रेकॉर्डींनी या माणसाला जन्मभर पुरेल एवढं वेड लावलं. पुढे जुन्या वादकांची ध्वनिमुद्रणं साफसूफ करून नव्यानं सीडींचे पेटीबंद संच निघू लागले. पुण्याच्या एका छोट्या संगीत-त्रैमासिकात अप्पा त्यांची परीक्षणं लिहीत. त्यांचं अक्षर फक्त मला लागायचं, म्हणून टाइप करायचं काम माझं. महिन्यातल्या एका रविवारी मी नांदेडहून लातूरला जायची.

पोत्यात सळई खुपसून मूठभर तूर तळहातावर घेऊन पाहावी, तसे ते संच तपासायचे. एकच रचना आधी जुन्या रेकॉर्डवर, मग नव्या संचात. खरखर काढताना वादकाचा श्वास तर काढून टाकला नाही ना? दोन रचनांमधली शांतता पुरेशी ठेवलीय का? सुरुवातीला मी एकदा म्हणाले, "छान आहे हो हा संच." तर म्हणाले, "छान-बिन राहू दे. तुला ऐकू काय आलं ते सांग."

चार-पाच वर्षांपूर्वी एका वृद्ध वादक बाईंचा मोठा संच आला. अप्पांनी त्याला दोन पानं झोडपून काढलं. वरच्या पट्टीतले सूर मेलेत, पियानोवर कुणी गोधडी टाकल्यासारखं वाटतं, असं लिहिलं. मला ते सूर लख्ख ऐकू आले होते. पण अप्पांच्या कानापुढं माझा कान तो काय! मी मुकाट्यानं टाइप केलं. छापून आलं.

काही महिन्यांनी त्यांनी हैदराबादच्या बाईंची रेकॉर्ड लावली आणि मधेच विचारलं, "ही बी झिजली काय गं? वरचं काहीच येईना."

"नाही अप्पा, मला स्वच्छ येतंय."

ते थबकले. उठून तोच झोडपलेला संच लावला. "अन् हे?"

"हेही येतंय..."

त्यांनी यंत्र बंद केलं. "तवा का बोलली न्हाईस?"

 ते रागावलेही नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही कानांना उंच सूर ऐकू येत नाहीत, आणि ते परत येणार नाहीत. त्याच आठवड्यात अप्पांनी परीक्षण मागे घेणारा लेख लिहिला. 'दोष संचात नव्हता, माझ्या कानांत होता. ज्यांनी मेहनतीनं हे काम केलं त्यांची मी माफी मागतो.' संपादक फोनवर म्हणाले, "दोन ओळींचा खुलासा टाकू, पुरे." अप्पा म्हणाले, "शिव्या दोन पानं दिल्या, अन् माफी दोन ओळींत? जमायचं न्हाई." दोन पानं छापायला लावलीच.

आता लिहिणं सोडतील, असं वाटलं होतं. सोडलं नाही. खालचे सूर ते ऐकायचे, वरचे मी. लेखाखाली दोघांची नावं. "तू मला खूष करू नको, पोरी. ऐकू यायलंय ते बोल," असं दर वेळी बजावायचे. समोरच्या मोठ्या माणसाला न घाबरता, न दुखावता, खरं तेवढं सांगायचं... हे मला पंचविशीत कुणी शिकवलं नव्हतं, चाळिशीत अप्पांनी शिकवलं. मी शिकवते त्या कॉलेजातल्या मीटिंगांमध्ये आता मी बोलते. त्याचं ऋण मी मिरवते.

गेल्या रविवारी लातूरला गेले. अप्पा गेले त्याच आठवड्यात आलेला संच अक्कांनी मला पाठवला होता. त्यावर एकटीनं लिहिलेलं पहिलं परीक्षण घेऊन गेले होते. अप्पांच्या संगीत ऐकायच्या खोलीत अक्का आजवर फक्त चहा द्यायला यायच्या. त्या दिवशी अप्पांच्या खुर्चीशेजारी बसल्या. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाई. पर हे समदं तुला खरंच ऐकू आलं का?"

मी कागदाकडं पाहिलं. तिसऱ्या परिच्छेदात वादकाच्या डाव्या हाताच्या वजनाबद्दल एक ऐटदार वाक्य होतं. ते मी संचासोबतच्या पुस्तिकेतून उचललं होतं.

"एक वाक्य नाही आलं, अक्का."

"मग खोड की."

मी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं.