दोन नंबरचे गाव

आमच्या गावाच्या बांधकाम विभागाचा नंबर दोन आहे, हे काकांना मीच सांगितले होते, आणि तेही काहीशा बढाईच्या सुरात.

मी शिकागोच्या एका उपनगरात विमा कंपनीसाठी संख्याशास्त्राचे काम करते. अमेरिकेत नगरपालिकांच्या बांधकाम विभागांनाही विमा क्षेत्राकडून श्रेणी मिळते: एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजे सर्वांत वाईट. विभागात इन्स्पेक्टर किती, त्यांचे प्रशिक्षण कसे, एकेकाच्या वाट्याला दिवसाला किती तपासण्या येतात, नियमांची कोणती आवृत्ती लागू आहे, असे बरेच काही पाहून ती ठरते. या श्रेणीचा घरांच्या नुकसानीशी खरोखर काही संबंध आहे का, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आला. मी तो मागूनच घेतला होता. उत्तर चोख दिले तर पुढची जागा माझी होती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे कॉलेजमधले मित्र. ते आणि काकू इथे येऊन तीस वर्षे झाली. रविवारचे माझे जेवण त्यांच्याकडेच असते. मार्चमध्ये त्यांनी घरामागे लाकडी डेक, म्हणजे मोठा उघडा सज्जा, बांधायला काढला. स्वयंपाकघराच्या दारातून थेट बाहेर पडता येईल असा, जमिनीपासून चांगला पुरुषभर उंच.

"तू त्याच लायनीत आहेस ना," काकांनी वरण वाढून घेताना विचारले, "आपल्या गावाचं बिल्डिंग डिपार्टमेंट कसं आहे गं?"

"दोन नंबर."

"दोन नंबर? आपल्याकडे दोन नंबर म्हटलं की पोलीस येतात."

"काका, दहातला दोन. एक सगळ्यात चांगला."

"मग काळजी मिटली," ते म्हणाले.

मीही मान डोलावली. त्या होकाराचा हिशेब मला आजवर लावता आलेला नाही.

ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचे डोहाळजेवण ठरले. मुलगी इथेच जन्मलेली, सातवा महिना लागलेला. काकूंच्या मनात सारे पक्के होते: डेकवर झोपाळा, त्याला मोगऱ्याच्या माळा, भोवती चाळीसेक माणसे. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी माळा ओवायला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत डेकच्या परमिटचे पिवळे कार्ड अजून चिकटवलेले होते. त्यावर तपासणीच्या तीन ओळी होत्या. पहिलीवर सही होती. उरलेल्या दोन कोऱ्या.

"काका, शेवटची तपासणी झाली नाही?"

"कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, गरज नाही. आणि अगं, पुण्यातल्या तुमच्या बिल्डिंगला पंचवीस वर्षांत भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का? तुझे आईबाबा राहतायत ना मजेत? शिवाय तूच म्हणालीस, दोन नंबर."

मी त्याच इमारतीत वाढले आहे. बांधकाम पूर्ण झाल्याचा कागद कधीतरी येतो किंवा येत नाही, माणसे मात्र राहायला जातात, हे मलाही इतके स्वाभाविक वाटत आले होते की मार्चमध्ये तपासणी होईल ना, ही शंका माझ्या मनाला शिवलीच नाही. इथला इन्स्पेक्टर बोलावल्याशिवाय येत नाही. उत्तम विभागही त्याला बोलावलेल्या कामांतच उत्तम असतो. माझा अहवाल तोवर बराच तयार होता आणि उत्तर 'होय' कडे झुकत होते: सरासरीने पाहता श्रेणीला अर्थ आहे. पण सरासरी गावाची असते. ती मी एका डेकला लावली होती. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ज्या चुकीवर गुण गमावतो, तीच ही चूक.

फोनचा दिवा लावून मी डेकखाली शिरले. पडलेल्या डेकच्या कितीतरी फायली मी वाचल्या होत्या; कुठे पाहायचे ते ठाऊक होते. घराच्या भिंतीला डेक जोडणारी लांब आडवी फळी नुसत्या खिळ्यांवर होती. बोल्ट एकही नाही. फळी आणि भिंत यांच्यामध्ये माझे बोट सहज आत गेले.

वर येऊन मी सांगितले, उद्या इथे कुणीही उभे राहायचे नाही.

"आज सांगतेस?" काकूंच्या हातातली सुई थांबली. "महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी इथेच चहा पितोय."

"दोन माणसं, काकू. उद्या चाळीस. आणि झोपाळा."

"रिलॅक्स यार," मुलगी म्हणाली. "इट्स अ डेक. नॉट अ ब्रिज."

"तू बसणार आहेस त्याच्यावर," मी म्हटले. तिचा हात आपोआप पोटाकडे गेला.

झोपाळा गॅरेजमध्ये, जमिनीवर उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीत लागला. गाड्या बाहेर काढल्या तरी पेट्रोलचा वास राहिलाच. "डेकवर करणार होतात ना?" असे जो तो विचारी, आणि काकू प्रत्येकाला एकच सांगत, "आमच्या सायंटिस्टबाईंनी कॅन्सल केलं." निघताना मला ओटीतले खोबरे देत त्या हळूच म्हणाल्या, "काही झालं नसतं गं."

कदाचित नसतेही. जे घडले नाही, त्याची फाइल कुणाकडेच उघडली जात नाही, माझ्याकडेही नाही.

सोमवारी सकाळी इन्स्पेक्टर आली. मीच फोन केला होता. मध्यमवयीन, घाईत असलेली बाई. डेकखाली ती मिनिटभरच होती. बाहेर आली ती मान हलवतच, आणि दारावर तिने लाल कागद चिकटवला: वापरास मनाई. मग वहीत लिहिता लिहिता काकांना विचारले, शेवटच्या तपासणीची गरज नाही असे तुम्हाला कुणी सांगितले?

कॉन्ट्रॅक्टरचे नाव काकांच्या जिभेवर असणार. माझेही असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"नोबडी," ते म्हणाले. "माय मिस्टेक."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते, ऑफिसचे ओळखपत्र गळ्यात घालून. इन्स्पेक्टरने ते उत्तर लिहून घेतले, आणि मी ते लिहू दिले.