ओल्या लुगड्याची साक्ष

"ही कोण?" त्या माणसानं तमिळमध्ये विचारलं.

"समैयलम्मा," मामा म्हणाले. म्हणजे स्वयंपाकीण.

"बिल कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग ही आमची गिऱ्हाईक नव्हे. हिच्याशी बोलायचं आम्हांला कारण नाही."

तो इडली-वड्याचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. मामांच्या घरात झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होता. मी खांबाजवळ उभी. उजवा हात पट्टीत, गळ्यात अडकवलेला. त्या पट्टीत आता तीनच बोटं होती. सगळं बोलणं माझ्या हाताबद्दल चाललेलं, आणि मला कोणी बस म्हणत नव्हतं.

स्वयंपाकीण म्हटल्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. धंदाच तो माझा. पण इतकी वर्षं त्या घरात मी 'घरचीच' होते. सणाच्या आदल्या दिवशी राबायला घरची. आजारपणात उशाशी बसायला घरची. रजा मागितली की, "अगं, घरचीच ना तू?" त्या दिवशी बोटं गेलेला हात घेऊन उभी राहिले, तेव्हा मी परकी झाले.

आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरला आले, असं मामा येईल त्या पाहुण्याला सांगतात. 'आमचे' म्हणताना माझ्याकडेही हात करतात. आले असतील एकत्र. पण त्यांच्या वाट्याला तिरुवैयारूकडची भातशेती आली, आमच्या वाट्याला पळी. माझी आई मराठी घरांतून सोवळ्याचा स्वयंपाक करायची, तिच्यानंतर मी. त्यांना मामा-मामी म्हणायचं ते नात्यानं नव्हे, रिवाजानं.

ग्राइंडर नवा आला तेव्हा मामी खूश होत्या. मीही होते. दगडी रगड्यावर वाटून वाटून आईचे खांदे गेले होते. पण पहिल्याच आठवड्यात बोटांना मुंग्या आल्या. हात कोरडे होते, तरी आल्या. मी मामींना सांगितलं. मामांनी दुकानात फोन केला. दुकानवाला म्हणाला, नवीन यंत्र थोडं झिणझिणतंच, रबरी चप्पल घालून वापरा. सोवळ्यात चप्पल? मामी हसल्या. मीसुद्धा हसले. आज त्या हसण्याची चीड येते.

मग मामांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. ऐप्पसी, म्हणजे तमिळ दिवाळीचा महिना, इकडे तेव्हाच पावसाची झड. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात. आदल्या दिवशी धुतलेलं लुगडं उंच काठीवर वाळत घालायचं, कोणी शिवायचं नाही, सकाळी अंघोळ करून तेच नेसायचं. माझं लुगडं वाळलंच नव्हतं. पाणी ठिबकत होतं.

"मामी, ओलं अहे," मी म्हणाले.

"ओलं तर जास्तच सोवळं. पीळ आणि नेस. भटजी येतील अत्ता."

नेसले. दात वाजत होते. मग मामींनी श्राद्धासाठी सगळी भांडी पाण्यानं शुद्ध केली. पातेली, पाट, विळी. आणि ग्राइंडरवरही तांब्याभर पाणी ओतलं. विजेच्या यंत्राला अंघोळ! हे आमच्याच घरांत होऊ शकतं. मला ते विचित्र वाटलं नाही, हे आता मलाच विचित्र वाटतं. वड्याची उडदाची डाळ घातली, बटण दाबलं, डाळ सारखी करायला हात आत घातला.

त्या विजेनं मला फेकलं नाही, धरून ठेवलं. हात मागे घ्यायचा होता आणि हात माझा राहिलाच नव्हता. आतला दगड फिरत होता. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. मामी दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या. बटण कोणी बंद केलं, मला ठाऊक नाही.

सरकारी इस्पितळात शुद्धीवर आले. डॉक्टरांनी दोन बोटं काढली होती. अंगठ्याजवळचं आणि मधलं. मीठ घेतात ती. आमटीची चव बघायला थेंब घेतात ती. मामी भेटायला आल्या, कॉटपासून लांब उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "श्राद्ध कसंबसं पार पडलं बाई. दुसरी मिळाली वेळेवर."

एवढंच.

आता पुन्हा त्या झोपाळ्यापाशी. कंपनीच्या माणसाचं मामांशी ठरलेलं होतं. घराला नवा ग्राइंडर मिळणार, माझा औषधपाण्याचा खर्च कंपनी देणार. बदल्यात मी फक्त त्याच्या मोबाइलसमोर बोलायचं. वाक्य त्यानंच तयार करून आणलं होतं. "मी ओल्या कपड्यांत यंत्राला हात लावला. चूक माझी."

"सांगून टाक मा," मामा आमच्या मराठीत म्हणाले. "काय जातं तुझं? घरचीच अहेस ना."

बघा. क्षणात पुन्हा घरची!

खोटं कशाला बोलू, मी सांगणार होते. हात ठणकत होता. घरी पोरगी वाट बघत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आम्हांला नवा नाही. त्यानं मोबाइल धरला. मी पदर सारखा केला. फोटो काढून घ्यायला उभं राहावं तशी उभी राहिले.

तेवढ्यात मामींनी विचारलं, "जुनं यंत्र अत्ताच नेणार ना? घरात अशुभ नक्को ते."

मामांनी ते तमिळमध्ये सांगितलं. "नेतो की. बाहेर ऑटो उभी आहे," तो म्हणाला. "जरा दुरुस्त करू, पुसू, दुसरीकडे देऊ."

दुसरीकडे. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या स्वयंपाकघरात. कुठली तरी बाई डाळ सारखी करायला हात घालणार. कदाचित भरल्या घरची सून, कदाचित माझ्यासारखी कोणी. मुंग्या येतायत म्हणून सांगणार, आणि तिला कोणी रबरी चप्पल घालायला सांगणार.

मोबाइल चालू होता. मी बोलले, तमिळमध्ये, त्याला नीट कळावं म्हणून.

"लुगडं ओलं होतं. ते मला नेसायला लावलं. यंत्रावर पाणी ओतलं, ते मामींनी ओतलं. पण हे यंत्र त्याआधीही चावत होतं. कोरड्या हातालाही. दुकानाला सांगितलं होतं. चूक माझी नाही."

त्यानं मोबाइल खाली घेतला.

"बंद कशाला केलात? चालू करा. अजून बोलायचं आहे."

"मामा," मी वळून म्हणाले, "यंत्र हलवायचं नाही."

"माझं यंत्र अहे ते!" मामांचा आवाज त्या घरात मी प्रथमच चढलेला ऐकला.

मी कोठीच्या खोलीकडे गेले. यंत्र तिथंच ठेवलं होतं. उंबऱ्यावर बसले, चौकटीच्या एका बाजूला पाठ आणि दुसरीला पाय टेकून. मला उठवायचं तर हात लावावा लागणार. मामी सोवळ्यात. मी इस्पितळातून आलेली, विटाळलेली. त्या शिवणार नाहीत. मामा परस्त्रीला हात लावणार नाहीत. कंपनीचा माणूस भर घरात जखमी बाईला ओढणार नाही. ज्या सोवळ्यानं माझा हात खाल्ला, तेच त्या दिवशी माझ्याभोवती भिंत झालं. मला हसू आलं. मामी पुटपुटल्या, "वेड लागलं हिला."

डाव्या हातानं मी पोरीला फोन लावला. ती आमच्या गल्लीतल्या वकीलबाईंना घेऊन आली. तरुण, तमिळ, शांत बाई. त्यांनी सगळं ऐकलं आणि कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, "वस्तूनं ज्याला इजा होते, त्याला दाद मागता येते. बिल कोणाच्याही नावावर असो. यंत्र तपासलं जाईपर्यंत इथून हललं, तर पुरावा दडवला असं मी मांडेन."

ऑटो रिकामी गेली.

आता जिल्हा ग्राहक आयोगात केस चालू आहे. तपासणीत निघालं की आतली अर्थिंगची तार कुठंच जोडलेली नव्हती. तरी कंपनीचा वकील एकच घोकतो. ओलं लुगडं, ओलं लुगडं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी प्रत्येक वेळी हो म्हणते. हो, ओलं होतं. यंत्र भिजलेली डाळ वाटायलाच बनवलंय. तिथं हात ओलेच असतात. ओल्या हातांना मारणारं यंत्र विकू नका.

मराठी घरांनी मला बोलावणं बंद केलं. घरातली गोष्ट कोर्टात नेली म्हणतात. मी आता सोवळ्यात उभी राहत नाही. डाव्या हातानं चिरते, कोरड्या साडीत, चप्पल घालून, कॉलेजच्या पोरांच्या खाणावळीत. झोप धड लागत नाही. बसवत नाही. मध्येच उठून मी सगळ्या प्लगांची बटणं बंद करत फिरते.

मामांनी निरोप धाडला. कंपनीनं त्यांना साक्षीला बोलावलंय. ओलं लुगडं मी माझ्या मनानं नेसले, असं ते शपथेवर सांगणार. जुनं नातं आठवून केस मागे घे, नाहीतर त्यांचा नाइलाज आहे.

मी कळवलं, या. साक्ष द्या. वकीलबाई तुम्हांला प्रश्न विचारतील आणि मी समोर बसेन. खोटं सांगायचं तर सांगा, पण माझ्या हाताकडे बघून सांगा. मग मी माझी साक्ष देईन. केस मागे घेणार नाही.