न लढलेल्या रणगाड्याची तपासणी

रिपोर्टवर माझी सही तेवढी बाकी होती. म्युझियमचे प्रमुख हेर ब्रांट पेन पुढे करून उभे होते. (इथे जर्मनीत श्रीयुतला हेर म्हणतात आणि श्रीमतीला फ्राऊ.) तेवढ्यात शेजारी खुर्चीवर बसलेल्या फ्राऊ लिंडनर रणगाड्याच्या खालच्या भागाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फुटलं होतं ते हेच का?"

मी नेकारसुल्मजवळच्या एका लहान इंजिनिअरिंग फर्ममध्ये गिअरबॉक्सचं काम करते. एरवी आमच्याकडे मोटारींचे पार्ट येतात. त्या वर्षी काम आलं रणगाड्याचं. दुसऱ्या महायुद्धात प्रयोग म्हणून बनवलेला, अवजड, एकुलता एक. चाचण्या चालू असतानाच युद्ध संपलं, त्यामुळे तो आघाडीवर गेलाच नाही. म्युझियमला तो रविवारी लोकांसमोर चालवून दाखवायचा होता. इंजिन त्यांनी दुरुस्त केलं होतं. माझ्याकडे होता फायनल ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत पोचवणारे शेवटचे गिअर. हे गिअर ज्या ओतीव पोलादी पेटीत बसतात, ते हाउसिंग. सगळा ताण त्याच्यावर.

मूळ ड्रॉइंग मिळालं होतं. त्यात हाउसिंगची भिंत बावीस मिलिमीटर. त्यावरून कॅल्क्युलेशन केलं. सावकाश चालवला तर निभावेल, असं उत्तर आलं.

फ्राऊ लिंडनर नव्वदीला टेकल्या होत्या. युद्धात त्या याच रणगाड्याच्या डिझाइन ऑफिसात ट्रेसर होत्या. पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवायचं, हे त्यांचं काम. म्युझियमने त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं.

"फुटलं म्हणजे? कधी?" मी विचारलं.

"चाचणीत. पहिल्याच चढाला. भिंत पातळ आहे हे आमचे डिझायनर, हेर फोगेल, आधीपासून सांगत होते. नंतर मला नवीन ड्रॉइंग गिरवायला दिलं. भिंत जाड करायची, तारीख मात्र जुनीच टाकायची, म्हणजे डिझाइनमध्ये चूक नव्हतीच असं दिसेल."

"आणि हाउसिंग नवीन ओतलं?"

"पोलाद कुठे होतं? फुटलेलंच वेल्डिंग करून बसवलं. फोगेलनी खोट्या ड्रॉइंगवर सही केली नाही. त्यांना आघाडीवर पाठवलं. ते परत आले नाहीत. ते ड्रॉइंग गिरवलं मी. मला सगळं ठाऊक होतं."

मी भिंत मोजलीच नव्हती. मी कोल्हापूरची, पहिली नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत. ओतलेला पार्ट कागदाबरहुकूम निघतोच असं नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.

बाहेर येऊन चेफना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला.

"आपल्याला ऑर्डर फक्त ड्रॉइंग तपासायची आहे," ते म्हणाले. "एका आजींच्या आठवणीवर..."

"अर्धा तास द्या."

"आल्झो, बरं, अर्धा तास."

गाडीत अल्ट्रासोनिक गेज होता. पोलादावर जेल लावून तो टेकवायचा. ध्वनी पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, त्यावरून जाडी कळते. पहिलं रीडिंग चौदा. पुढे तेरा पूर्णांक आठ. परत चौदा. खालच्या अंगाचा रंग खरवडला, तर वीतभर लांब वेल्डिंग.

हेर ब्रांटनी स्वतः वाकून पाहिलं. "पोस्टर लागलीत हो. पन्नास मीटर तरी?"

"हे फुटलं तर त्या बाजूचा ब्रेक जातो. रणगाडा एकदम वळेल. लोक कुठे उभे राहणार आहेत?"

त्यांनी मैदानात बांधलेल्या दोरीकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं.

फ्राऊ लिंडनरना वेल्डिंग बघायचं होतं. मी त्यांना हाताला धरून जवळ नेलं. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली. "इतकी वर्षं वाटायचं, आपणच काहीतरी चुकीचं आठवतोय," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. मी हात धरून उभी राहिले.

रविवारी रणगाडा जागेवरच उभा राहिला, नुसतं इंजिन चालू करून दाखवलं. काही लोक कुरकुरत गेले. हेर ब्रांटनी खरवडलेला भाग पुन्हा रंगवला नाही. बाजूला एक पाटी लावली. तिच्यावर काय घडलं ते लिहिलं, आणि फोगेल यांचं नाव.

तेव्हापासून मी आधी पार्ट मोजते, मग ड्रॉइंग उघडते. चेफ म्हणतात, यात वेळ जातो. जातोच.